एक पेपर आत, एक पेपर बाहेर

अर्थशास्त्र विभागातल्या मुलांनी आंदोलन करायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण अशी आली, की आंदोलनाला खोली नव्हती.

मैदान होतं, पण तिथे ऊन होतं आणि क्रीडा विभाग होता. कँटीन होतं, पण तिथे बसायचं तर दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवावं लागे. बाजारव्यवस्थेला पर्याय शोधताना सारखा चहा विकत घेणं काहींच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि उरलेल्यांना परवडत नव्हतं. शेवटी सूक्ष्म मॅडमनी त्यांना तळमजल्यावरची आपली वर्गखोली दिली. दुपारनंतर ती रिकामीच असायची. किल्ली घेताना कारण सांगावं लागतं, ते त्यांनी 'शंकानिरसन' असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

शंका रास्त होत्या. तीन वर्षं मुलं वहीत एकमेकींना छेदणाऱ्या रेषा काढत होती. मधल्या काळात गावाबाहेरचा काचेचा कारखाना बंद पडला आणि काही हजार माणसं घरी बसली. त्यांच्यातल्या काहींची मुलं याच वर्गात होती. आणि त्याच आठवड्यात फळ्यावर असं सिद्ध झालं, की मजुरी पुरेशी खाली आली तर बेकारी उरतच नाही. एका मुलीने विचारलं, "सर, पुरेशी म्हणजे किती?" सर म्हणाले, "ते गृहीतकावर अवलंबून आहे," आणि तासाची घंटा झाली.

ही मुलगी पुढे आंदोलनाची पुढारी झाली. तिचे वडील त्याच कारखान्यात भट्टीवर होते. आता घरी बसून रेडिओ दुरुस्त करत, चालू असलेलेसुद्धा. मुलगी प्रत्येक वाक्य असं बोले, की ते तसंच्या तसं टाइप करून वरिष्ठांकडे पाठवता यावं. म्हणून तिला सगळे 'ठराव' म्हणत. तिच्या शेजारी कायम एक उंच मुलगा बसे. त्याचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून तो 'पण'. चळवळीला एवढी दोन माणसं पुरतात. बाकीचे तीसेक जण संख्याबळ म्हणून लागतात.

सभेचे नियम फार विचारपूर्वक केलेले होते. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण टाळ्यांमुळे न वाजवणाऱ्यावर दबाव येतो. पटलं तर हात वर करून नुसती बोटं हलवायची. दारातून पाहणाऱ्याला वाटे, तीस जण मिळून एकच बल्ब बसवतायत. दुसरा नियम म्हणजे कुठल्याही शिक्षकाचं नाव घ्यायचं नाही. आधीच्या बॅचचं आंदोलन विभागप्रमुखांच्या पँटवरून घसरलं होतं, ते पुन्हा सावरलंच नाही. तेव्हापासून असं ठरलेलं, की आपण विषयांवर बोलतो, माणसांवर नाही. माणसांवर बोललं की क्षुद्रपणा येतो.

सूक्ष्म मॅडम मागच्या बाकावर पेपर तपासत बसायच्या. 'सूक्ष्म अर्थशास्त्र – दोन' हा पेपर त्या इतकी वर्षं शिकवत होत्या, की तो त्यांना आडनावासारखा चिकटला होता. शिवाय अंगाने लहानखुऱ्या आणि आवाजाने त्याहून लहान. पण मुलांनी विचारलं की त्या पेन खाली ठेवायच्या, आणि बाजार आपोआप उगवत नाही, तो कायद्याने, रिवाजाने आणि कधी दंडुक्याने उभा केला जातो असं म्हणणारी माणसं होऊन गेली, असं सांगायला लागायच्या. बँका का बुडतात, नदीची किंमत कोण लावतं, घरातला स्वयंपाक देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत. अशा वेळी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, आणि त्या स्वतः शेवटच्या बाकावर असल्यामुळे पहिल्या बाकापर्यंतही.

"मॅडम, हे तुम्ही वर्गात का नाही शिकवत?" ठरावने एकदा विचारलं.

"परीक्षेला नाही."

"पण परीक्षेला का नाही?" पणने विचारलं.

"कुणी शिकवत नाही म्हणून."

"मग आपण आणू," ठराव म्हणाली.

मॅडमना बरं वाटलं. 'आपण' या शब्दाची त्यांना फारशी सवय नव्हती.

त्या कंत्राटी होत्या. दर उन्हाळ्यात विद्यापीठ त्यांना एका दिवसासाठी कामावरून काढी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेई, म्हणजे नोकरी सलग आहे असं कुणाला म्हणता येऊ नये. त्या एका बेकार दिवशी मॅडम केस कापून घेत. अलीकडे कोर्टाने असं म्हटलं होतं, की हा एका दिवसाचा खेळ पुरे; ज्यांची दहा वर्षं भरली त्यांना कायम करा. मॅडमची साडेनऊ भरली होती. एक सहामाही उरली होती. अट एवढीच, की आठवड्याला सोळा तास शिकवायला हवेत. एक जरी कमी पडला तरी कंत्राट पुढे जात नाही. मॅडमचे बरोबर सोळा होते. त्यातले आठ 'सूक्ष्म – दोन'चे.

कायम झालं की आवाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. त्या घराची वाट मॅडमपेक्षा त्यांचा भाऊ जास्त पाहत होता.

भावाच्या घरी दोन खोल्या आणि काचा लावून बंद केलेली एक बाल्कनी होती. बाल्कनीत बाबा झोपत, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर मॅडम, आणि आतल्या खोलीत दादा, वहिनी आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा. पंधरा वर्षांच्या मुलाने आईबापांच्या खोलीत झोपणं तिघांनाही अवघड होतं, आणि घरात इतकी गर्दी, की ते अवघडलेपण लपवायलाही जागा नव्हती. बाबांनी तीस वर्षं टंकलेखनाचे वर्ग चालवले होते. संगणक आले आणि यंत्रं भंगारात गेली, पण बोटं राहिली. बोलताना ती मांडीवर चालत असत. दादाने त्यांचं नाव शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात नोंदवून ठेवलं होतं. "नुसतं नोंदवलंय," तो म्हणे. "चिऊचं कायम झालं की बाबा तिच्याकडे. नाही झालं तर मग बघू."

बेचाळीस वर्षांच्या मॅडमना घरात अजून चिऊ म्हणत.

"चिऊताई," वहिनी भाकरीच्या पिठात हात असताना विचारी, "सरकारदरबारी किती राहिलं हो आता?"

"उन्हाळ्यापर्यंत."

"नाही, मागच्या वर्षीही उन्हाळ्यापर्यंतच होतं, म्हणून आपलं विचारलं."

वहिनी वाईट नव्हती. तिला फक्त एक खोली कमी पडत होती.

आंदोलन यशस्वी होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मुलांना तर मुळीच नाही. त्यांनी आठवडाभर विभागप्रमुखांच्या तासाला वर्गाबाहेर जाऊन खिडकीपाशी उभं राहायचं ठरवलं. वह्या उघड्या, पेनं हातात, एकही घोषणा नाही. फक्त एक फलक, 'आम्ही शिकायला तयार आहोत'. विभागप्रमुखांना मुलं 'समतोल सर' म्हणत, कारण दीर्घकाळात सगळं आपोआप समतोलाला येतं, असा त्यांचा विश्वास होता. विभागाचं छत गळायचं तेव्हाही त्यांनी याच विश्वासाने तीन पावसाळे काढले होते. खिडकीबाहेरच्या मुलांबद्दलही त्यांची हीच अपेक्षा होती. पण नेमकी त्याच आठवड्यात विद्यापीठांना गुण देणारी समिती आली, व्हरांड्यातून चालताना तिला खिडकीबाहेर वह्या घेऊन उभी असलेली मुलं दिसली, आणि तिने 'अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा सहभाग' या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले. कुलगुरूंचा फोन आला. त्याच दुपारी समतोल सरांनी मुलांना केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्च्या दिल्या. खुर्च्या दोनच होत्या, पण दिल्या.

"तुमचं म्हणणं मला पहिल्यापासून पटत होतं," सर म्हणाले. "अर्थशास्त्राचे विविध दृष्टिकोन. छान नाव आहे. करू या पेपर, येत्या सहामाहीपासूनच."

भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने मिठी मारली की जसा हात कुठे ठेवावा कळत नाही, तसं ठरावचं झालं.

"फक्त एकूण पेपर वाढवता येत नाहीत," सर म्हणाले. "एक आत, तर एक बाहेर. बाहेर कुठला, ते मी नाही सांगणार. तुम्हाला निर्णयात सहभाग हवा होता ना? घ्या सहभाग. शुक्रवारी अभ्यास मंडळाची बैठक आहे, त्याआधी कळवा."

माणसाच्या आवडीनिवडीला क्रमांक देता येत नाहीत, ही मुलांची समतोल सरांच्या अर्थशास्त्रावरची मुख्य टीका होती. मात्र शुक्रवार जवळ असल्यामुळे त्यांनी सगळ्या पेपरांना क्रमांक देऊन मत मागवलं. विभागातल्या सगळ्या मुलांनी भाग घेतला. नियमाप्रमाणे शिक्षकांची नावं कुठेच नव्हती. समतोल सरांचा स्वतःचा पेपर मुलांना सोसवत नव्हता, पण नोकरीच्या परीक्षांना तो लागतो, म्हणून वाचला. सगळ्यात खाली 'सूक्ष्म अर्थशास्त्र – दोन' आला.

निकाल त्याच खोलीत जाहीर झाला. "सगळ्यात जास्त गृहीतकं असलेला, आणि जगण्याशी सगळ्यात कमी संबंध असलेला पेपर," ठरावने वाचून दाखवलं. तीस हात वर गेले आणि बोटं हलायला लागली. मागच्या बाकावर मॅडम याच पेपरच्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. पणने सहज मागे वळून पाहिलं. त्याचा हात वरच राहिला, पण बोटं थांबली.

मॅडमनी हातातली उत्तरपत्रिका पूर्ण तपासली, त्या मुलाला एक गुण वाढवून दिला, आणि उठून गेल्या.

संध्याकाळी त्यांनी बाल्कनीत बाबांना सांगितलं. दादा अजून आला नव्हता.

"त्यांना माहीत नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"नावं घ्यायची नाहीत असा नियम आहे त्यांचा."

"चांगला नियम आहे," बाबा म्हणाले. बोटं मांडीवर चालली होती. "सांग की मग त्यांना. तोंड आहे ना तुला?"

"काय सांगू? माझी नोकरी जाते म्हणून तुमचं शिक्षण थांबवा?"

"असंच सांग. छोटं वाक्य आहे."

"बरं नाही दिसत, बाबा."

"दिसायचं काय आहे त्यात? मी संस्था बंद केली तेव्हा किती छान दिसलो होतो. शेवटच्या बॅचला पेढे नाही का वाटले? आता बाल्कनीत बसून छान दिसतोय."

दुसऱ्या दिवशी मॅडम मागच्या बाकावर न बसता फळ्यापाशी उभ्या राहिल्या. बारकासा आवाज आणखी बारीक झाला होता.

"मला आज जरा स्वार्थी बोलायचंय. मी वर्गात सांगते, माणूस स्वतःच्या फायद्याचं पाहतो. तुम्ही म्हणता, नेहमी नाही. आज माझ्यापुरतं माझं धरा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सोळा तास, त्यातले आठ, उरलेली एक सहामाही, दोन खोल्यांचं घर. बाल्कनीबद्दलही सांगितलं, ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "तुमची मागणी बरोबर आहे. पेपरही वाईट आहे, मीच शिकवते, मला ठाऊक आहे. फक्त एक सहामाही थांबा. पुढच्या वेळी मी स्वतः त्याच्यावर काट मारते."

संमतीची खूण ठरलेली होती, विरोधाची होती, लाज वाटल्याची नव्हती.

"आमच्या लक्षातच आलं नाही, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

"पण मग थांबू या ना," पण म्हणाला. "सहा महिने तर आहेत."

"सहा महिन्यांनी आपण कुठे असू?" ठरावने विचारलं.

"पण... बाहेर."

"मग हे कोण करणार? पहिल्या वर्षाची मुलं? त्यांना अजून कँटीन सापडलेलं नाही."

दोघंतिघं हसले.

"मॅडम, मी स्पष्ट बोलू?"

"तू अस्पष्ट कधी बोललीयस?"

ठरावच्या हातात कागद होता, पण ती त्यात पाहत नव्हती. "तुमचा प्रश्न हा कंत्राटी पद्धतीचा प्रश्न आहे. तो व्यवस्थेचा आहे. त्याला आपला पाठिंबा आहेच. पण सरांनी आज हो म्हटलंय ते समिती आली म्हणून. समिती गेली की ते म्हणतील, विचार करू. माझे बाबा मला विचारतात, तुझ्या पुस्तकात आमच्या कारखान्याबद्दल काय लिहिलंय? मी पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी आहे. दुसऱ्या वर्षी सांगितलं, तिसऱ्या वर्षी आहे. आता मी काय..." आणि तिचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अर्धं राहिलं.

मॅडमना तिची इतकी दया आली, की आपण काय मागायला आलो होतो ते क्षणभर त्या विसरल्या. ही चूक फक्त शिक्षकच करतात.

तेवढ्यात पणला सुचलं. "पण मॅडम, नवा पेपर तुम्हीच शिकवा की! सूक्ष्मचे आठ तास जातील, नव्याचे आठ येतील. सोळाचे सोळा!"

खोलीत एकदम वारा आल्यासारखं झालं. सगळे हात वर गेले. कुणीतरी चुकून टाळी वाजवली आणि माफी मागितली. मॅडमनीही हात वर केला आणि बोटं हलवून पाहिली. त्यांना ते जमत नव्हतं, पण कुणी हसलं नाही.

समतोल सरांनी ही सूचना अतिशय शांतपणे ऐकून घेतली. ठराव आणि पण खुर्च्यांवर होते, मॅडम दाराशी उभ्या.

"कल्पना उत्तम आहे," सर म्हणाले. "मॅडमइतकं या विषयावर कुणीच वाचलेलं नाही, मी तर नाहीच. पण नियम असा आहे, की आधी कायम शिक्षकांचे तास भरायचे, मग कंत्राटी. आणि यंदा माझ्या 'प्रगत अर्थमिती'ला तीनच मुलं आली. ती बंद होणार. म्हणजे माझेच आठ तास कमी पडतायत."

"म्हणजे नवा पेपर तुम्ही शिकवणार?" ठरावने विचारलं.

"नाइलाज आहे."

"पण सर, तुम्हाला यातलं काही..."

"वाचीन की. माणसाने या वयातही शिकत राहावं, हेच तर तुमच्या फलकावर होतं." मग ते मॅडमकडे वळले. "तुम्ही मला धाकट्या बहिणीसारख्या आहात. मला काय आनंद होतोय का?"

धाकट्या बहिणीसारखं म्हणजे काय, हे मॅडमना घरून चांगलं माहीत होतं. त्यांनी आशा सोडली.

"पण मग आम्हाला काढायचा पेपर बदलायचा असला तर?" पणने विचारलं.

"बदला ना. पुन्हा सगळ्यांचं मत घ्या. बैठक उद्या सकाळी आहे. आज संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर विषय पुढच्या वर्षी घेऊ. घाई कसलीच नाही." आणि त्यांनी मुलांसाठी स्वतः दार उघडलं.

त्या दुपारची सभा छोटी झाली. मॅडमना बाहेर थांबायची विनंती करण्यात आली, म्हणजे कुणावर दबाव येऊ नये. ती विनंती ठरावने इतक्या आदराने केली, की मॅडम 'हो, हो, बरोबर आहे' असं म्हणत स्वतःच्या वर्गातून बाहेर पडल्या.

दाराला वर एक काचेची चौकट होती. टाचा उंचावल्या की त्यातून आतलं दिसे. आवाज येत नव्हता. ठराव बोलत होती. पण उठून काहीतरी म्हणाला, मग बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. एक मुलगी रडत होती आणि दुसरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मॅडमच्या टाचा दुखायला लागल्या तेव्हा आत हात वर गेले. एक, मग चार, मग सगळीकडून. बोटं हलत राहिली. पणचे हात मांडीवर होते. त्याने ते एकमेकांत घट्ट धरले होते, जसे काही ते न विचारता वर जातील.

ठराव बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मॅडम, तीन ठराव झाले."

"सांग."

"कंत्राटी पद्धतीचा तीव्र निषेध. एकमताने. तुमचे आभार. तेही एकमताने."

"आणि तिसरा?"

"तिसरा," ठराव म्हणाली, "बहुमताने."

मॅडमनी मान हलवली. "किल्ली टेबलावर राहिलीय बघ. पाचच्या आत परत द्यावी लागते."

ठरावने पळत जाऊन किल्ली आणून दिली. तेवढं ती मनापासून करू शकत होती.

उन्हाळ्यात विद्यापीठाने मॅडमना नेहमीप्रमाणे एका दिवसासाठी काढलं आणि दुसऱ्या दिवशी घेतलं नाही. त्यांनी केस आधीच कापून घेतले होते.

दादा ओरडला नाही, त्यामुळे फार वाईट वाटलं. तो फक्त मोबाइल घेऊन जिन्यात गेला आणि बोलून परत आला. "एक जागा रिकामी झालीय म्हणतात," तो म्हणाला. जागा कशी रिकामी झाली ते कुणी विचारलं नाही. "तुझं कुठे कायम झालं की लगेच परत आणू. मी काय हौसेने करतोय का चिऊ?"

"नाही रे दादा."

वहिनीने बाबांचे सगळे शर्ट इस्त्री केले, बनियनसुद्धा. "तिथे कोण करणार हो," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले, आणि त्याच पदराने बाल्कनीतल्या खिडकीची काच पुसून घेतली. मुलाची पुस्तकं संध्याकाळीच तिथे जायची होती.

मॅडमना एका खासगी शिकवणीत काम मिळालं होतं. तिथे नोकरीच्या परीक्षांसाठी चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखायला शिकवत. तासाला पैसे होते, वर्षांना नव्हते. पहिल्या रविवारी सुट्टी मिळाली तेव्हा त्या बाबांना घेऊन वृद्धाश्रमात गेल्या. दादाला यायचं होतं, पण मुलाचं टेबल येणार होतं.

इमारत स्वच्छ होती. व्यवस्थापक बाई हसतमुख होत्या आणि घाईत होत्या. "वर चार खाटांची खोली आहे. दोन रिकाम्या. एक खिडकीपाशी, एक बाथरूमच्या दाराशी. आज आणखी एक आजोबा येतायत, त्यांचीही तीच खोली. आमचं साधं आहे, ज्याचं सामान आधी त्याची खाट. आजोबांचं रक्तदाब वगैरे आम्ही इथे खाली बघतो, तुम्ही पटकन बॅग वर ठेवून या."

"खिडकी बघ," बाबा बाही वर सरकवत म्हणाले. "हवा आली की बरं पडतं मला."

"हो बाबा."

मॅडम जिना चढत होत्या तेव्हा फोन वाजला. ठराव होती. त्यांनी बॅग पायरीवर ठेवली.

"मॅडम, एक मिनिट आहे? एकच विचारायचंय." मागे अभ्यासाला जमलेल्या मुलांचा गलका होता. "यंदा परीक्षा लांबल्यात, नव्या पेपरची उद्या आहे. घरातल्या बिनपगारी कामाचा भाग आहे ना, सर म्हणाले तो सोडून द्या. मोजता येत नाही, म्हणून अर्थशास्त्रात बसत नाही म्हणाले. मला सोडायचा नाहीये. पण पुस्तकातलं मला नीट कळत नाहीये."

"काय कळत नाही?"

"मोजता येत नाही ते मोजायचं कसं?"

"मोजता येत नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "मोजायचं नाही असं कुणीतरी ठरवलं. कधी ठरवलं, कुणी ठरवलं, तिथून सुरुवात कर. असं बघ, एक बाई घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं करते..."

खालून पावलं आली. दोन धिप्पाड मुलगे एक पेटी घेऊन चढत होते, त्यांच्या मागे त्यांचे वडील, काठी टेकत. जिना अरुंद होता. मॅडमनी बॅग उचलून छातीशी धरली आणि भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली.

"थँक यू हं," पुढचा मुलगा म्हणाला.

"मॅडम? हॅलो? आवाज तुटतोय."

वळणावरच्या रुंद जागेत पेटी टेकवून मुलगे दम खायला थांबले. ती कुठे चाललीय, ते मॅडमना कळलं. फोन बंद करून दोन-दोन पायऱ्या चढल्या असत्या, तर त्या अजूनही आधी पोचल्या असत्या. पेटी जड होती आणि काठीवाले आजोबा सावकाश चालले होते.

"आहे मी, आहे," मॅडम म्हणाल्या. "तर त्या बाईने तेच काम शेजारच्या घरी पगारावर केलं, तर ते उत्पन्नात धरतात. स्वतःच्या घरी केलं, तर नाही. काम तेच, माणूस तोच. मग बदललं काय?"

पलीकडे ठराव विचार करत होती. ती विचार करत असली की घाई करायची नाही, हे मॅडमना तीन वर्षांत कळलं होतं. त्या थांबल्या.

"कुणी पैसे देतंय की नाही, एवढंच," ठराव शेवटी म्हणाली.

"बरोबर. आता पुढे लिही."

मग आणखी बरंच सांगायचं होतं, ते त्यांनी सांगितलं. शेवटी ठराव म्हणाली, "तुम्ही हव्या होतात, मॅडम," आणि तिला कुणीतरी हाक मारली.

मॅडम वर पोचल्या तेव्हा खिडकीपाशी पेटी होती आणि दोघे मुलगे वडिलांची चादर घालत होते. दुसऱ्या खाटेवर बाबा बसले होते. खाली तपासणी झाल्यावर त्यांना मागच्या लिफ्टने आणलं होतं.

"कुणाचा फोन?"

"विद्यार्थिनीचा."

"अजून आहेत तुला?"

"एक आहे."

"कळलं का तिला?"

"कळलं."

"मग झालं तर." त्यांनी खाटेवर हात दाबून पाहिला. "ही बरी आहे. फार चालावं नाही लागायचं."

बाथरूमचं दार बाहेर उघडत होतं. आतून कुणीतरी आलं, दाराची कड खाटेच्या पायाला लागली, आणि बाबांनी पाय वर घेतले. दार बंद झाल्यावर ते खाली सोडले. मॅडम बॅगेतून इस्त्रीचे शर्ट काढायला लागल्या तेव्हा दार पुन्हा उघडलं. या वेळी बाबांनी पाय आधीच वर घेतले होते.